जीव कोठून आला?

सडक्या मांसातून अळ्या आपोआप उत्पन्न होतात, असे युरोपातील विद्वानही शतकानुशतके मानीत. इटलीच्या फ्रान्सेस्को रेडी यांनी इ. स. १६६८ मध्ये काही बरण्यांतील मांस उघडे ठेवले, काहींवर जाळीदार कापड बांधले. झाकलेल्या मांसात अळ्या झाल्या नाहीत, कारण माश्यांना तेथे अंडी घालता आली नाहीत. १८६० च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी वाकड्या नळीच्या चंबूत पोषक द्रव उकळून ठेवला. हवा आत जाई, पण धूळ नळीत अडके. द्रव नासला नाही. सूक्ष्म जीवही जीवापासूनच जन्मतात, हे दिसून आले.

मग पहिला जीव कोठून आला? १९५३ मध्ये अमेरिकेतील स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया व हायड्रोजन यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, तयार झाली. पण घटक म्हणजे जीव नव्हे. जीव पोषण घेतो, वाढतो, आपल्यासारखा दुसरा जीव निर्माण करतो. निर्जीवातून तेथवरची वाट विज्ञानाला अद्याप सापडलेली नाही.

म्हणून पालकहो, मुलामुलींनी "का?" विचारले तर त्यांना गप्प करू नका. रेडी यांना लागलेली बरणी आणि कापडाचा तुकडा प्रत्येक घरात असतो.