छप्पनच्या डोंगरातलं कुंड

बाडमेरकडे पोस्टिंग झालं की घरचे एकच प्रश्न विचारतात, "तिथं पाणी मिळतं का?" मिळतं, पण टँकरने, मोजून. एक्सरसाइजवर असलो की माणशी दिवसाला किती लिटर हे क्वार्टरमास्टरच्या वहीत लिहिलेलं असतं आणि त्या वहीपुढे कर्नलसाहेबांचंही काही चालत नाही.

त्या सप्टेंबरात आमची कंपनी सिवान्याजवळ होती. वाळवंटाचा हा पूर्वेकडचा भाग. इथे सपाटीतून एकदम डोंगररांग वर येते. लोक तिला 'छप्पन के पहाड़' म्हणतात. ग्रॅनाइट आणि रायोलाइटचे हे डोंगर सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींतून आलेले. हा खडक पाणी पीत नाही. पडेल तो पाऊस घळीतून खाली धावतो आणि वाटेतल्या खोलगट जागी साठतो. त्यामुळे आजूबाजूला वर्षाकाठी फारसा पाऊस नसताना पिपलूद गावावरच्या हल्देश्वर महादेवाच्या डोंगरात पावसाळ्यात चक्क धबधबे असतात.

आठ दिवस वाळूत लोळलेली, बहुतेक सातारा-सांगलीकडची पोरं. एका घळीत हिरवट, छातीभर पाण्याचं कुंड दिसलं. हवालदाराने विचारलं, "साहेब, उतरू का पोरांना घेऊन?" मी मान हलवली. पाच मिनिटांत नीरा-कृष्णेच्या काठच्या त्या पोरांनी कुंड डोक्यावर घेतलं. साबण निघाले, सूर मारले गेले. मीही बूट काढून पाय सोडून बसलो.

वरच्या कातळावर एक म्हातारा रबारी आपल्या बकऱ्या घेऊन उभा होता. तो ओरडला नाही. आम्ही बाहेर येईपर्यंत थांबला आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साब, ओ पीवण रो पाणी है." अंघोळीचं कुंड खाली होतं, दोनशे पावलांवर. मी विचारलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी सिवान्याचा किल्ला समोर दिसत होता, म्हणून हा प्रसंग जास्त लागला.

१३०८ च्या जुलैत अल्लाउद्दीन खिलजी स्वतः दिल्लीहून या किल्ल्यावर चालून आला. आत होता सातलदेव चौहान, जालोरच्या कान्हडदेवाचा पुतण्या. नोव्हेंबरात गड पडला. सातलदेव मारला गेला आणि खिलजीने सिवान्याचं नाव खैराबाद ठेवलं. गड कसा पडला याच्या मात्र दोन हकिकती आहेत. खिलजीच्या पदरी असलेला अमीर खुसरो सांगतो की, तटाच्या उंचीपर्यंत मातीचा चढ उभारला आणि त्यावरून फौज आत घुसली. १४५५ मध्ये जालोरच्या पद्मनाभ कवीने 'कान्हडदे प्रबंध' लिहिला. तो सांगतो की, गडावरच्या तलावात गोरक्त टाकून पाणी बाटवलं गेलं. आतल्यांना ते पिता येईना. स्त्रियांनी जोहर केला आणि पुरुष दरवाजे उघडून बाहेर पडले. लोककथेत एक फितूरही आहे.

इतिहासकार समकालीन साक्षीदाराला जास्त वजन देईल आणि ते बरोबरच आहे. खुसरो त्या काळचा, पद्मनाभ जवळजवळ दीडशे वर्षांनंतरचा. पण खुसरो दरबारी होता. आपल्या सुलतानाने पाणी नासवून गड घेतला असं तो लिहील का? दोन्ही गोष्टी खऱ्या असायलाही काही अडचण नाही. चढ बाहेरून चढत राहतो आणि तहान आतून. एवढं मात्र नक्की की, या मुलुखाने लक्षात ठेवली ती पद्मनाभाची हकिकत. तटाला खिंडार पडलं तर ते बुजवता येतं. पाणी गेलं की वाळवंटात दुसरा मोर्चा नसतो.

हे डोंगर पुढेही लढणाऱ्यांच्या कामी आले. मारवाडचा राव चंद्रसेन अकबराविरुद्ध लढला तो सिवान्याच्या आधाराने. १५७६ मध्ये शाहबाजखानाने गड घेतला. पुढे औरंगजेबाविरुद्ध दुर्गादास राठोड याच डोंगरांत वावरल्याचं इथले लोक सांगतात. हाच दुर्गादास १६८१ मध्ये बंडखोर शहजादा अकबराला घेऊन आपल्या संभाजी महाराजांकडे आला होता. वर्षानुवर्षं असं पळत लढायचं तर कुठल्या घळीत किती महिने पाणी टिकतं हे ठाऊक असावं लागतं. आणि ते ठाऊक असतं बकऱ्या चारणाऱ्याला. तो सांगतो, कारण तुम्ही त्याचं पाणी नासवलेलं नसतं.

अकादमीत आम्हाला नकाशावर पाण्याची खूण ओळखायला शिकवलं. ते पाणी कोण पितं, हे नकाशावर नसतं.

त्या रात्री मी पोरांना फॉलइन करून सिवान्याची गोष्ट सांगितली. चूक त्यांची नव्हती, हुकूम माझा होता, हेही सांगितलं. आमच्या वाट्याच्या पाण्यातून सहा जेरीकॅन सकाळी म्हाताऱ्याच्या ढाणीवर पोचवले. क्वार्टरमास्टरने कुरकुर केली, पण वहीत नोंद केली. म्हाताऱ्याने पाणी ठेवून घेतलं आणि आम्हाला चहा पाजला. बकरीच्या दुधाचा. पाणी कुठलं होतं, हे मी विचारलं नाही.

पुढे चार दिवस आमची अंघोळ खालच्या कुंडात झाली. साबण न लावता.