काळ्या पाषाणाच्या सांदीतले जीव

सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंब परिसरात विहीर खणताना काळी माती आणि मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला हा लाव्हा. वाटेत येईल ते जाळत पसरलेल्या या खडकात जीवाश्म मिळण्याची आशा जवळजवळ नसतेच.

मात्र लाव्हाच्या दोन लोटांमध्ये कधी कधी मोठा खंड पडे. खळग्यांत पाणी साचे, तळी होत, त्यांत शंख-शिंपले आणि बेडूक वाढत. पुढचा लोट आला की गाळावर दगडी झाकण बसे. गाळाच्या या पट्ट्यांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे निघाले. रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये त्यांचे वर्णन केले. ‘डायनोसॉर’ हे नाव रूढ करणारे ते हेच.

नागपूरकडे जीवाश्म शोधण्याचे काम स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी केले. टाकळीजवळ त्यांना गोड्या पाण्यातल्या शंखांचा थर सापडला. मांगली येथे मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला गेली. 1863 मध्ये हिस्लॉप नदीच्या पुरात बुडाले. त्याच वर्षी नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांचा ‘अजब बंगला’, उभे राहिले.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचे थर लाव्हाच्याही खालचे. तिथे डायनोसॉरच्या हाडांबरोबर त्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. दिसायला सामान्य असलेल्या या गोळ्यांनी हाडांपेक्षा मोठी बातमी दिली. त्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडल्याचे 2005 मध्ये जाहीर झाले. तोवर गवत डायनोसॉरांनंतर आले, असाच समज होता. सोलापूरची मालदांडी ज्वारीही गवताच्याच कुळातली.

पिसदुऱ्याजवळच्या डोंगरगावातून 1980 च्या दशकात एका अजस्र शाकाहारी डायनोसॉरची हाडे खणून काढली गेली. ती कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहेत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी आकडेवारीच्या या संस्थेत भूविज्ञानालाही जागा दिली होती. 2003 मध्ये या प्राण्याला ‘आयसिसॉरस कोलबर्टी’ हे नाव मिळाले: पहिला शब्द संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून, दुसरा एडविन कोलबर्ट या अमेरिकी अभ्यासकावरून. डोंगरगाव त्या नावात आले नाही.