कोकणा बोली : हरसूल परिसरातील परिवर्तन

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम सरहद्दीवर, पूर्वीच्या पेठ संस्थानाच्या मुलखात व हल्लीच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात असलेल्या हरसूल गावाभोवती कोकणा समाज बोलतो ती भाषा. कुकणा या नावानेही ती ओळखली जाते. गोव्याची कोंकणी निराळी.

हरसूलला बोलीचा भेद मुलखाइतकाच जमातीवर अवलंबून असतो. कोकणा, वारली व महादेव कोळी ही कुटुंबे शेजारी नांदत असूनही भिन्न वळणांनी बोलतात, आणि आठवडे बाजारात, मीठमिरची घेताना, सर्वांना समजेल अशा मराठीकडे वळतात. कोकणा बोलीत ‘देवना पोसा’ म्हणजे देवाचा मुलगा. यातील ‘ना’ हा षष्ठीचा प्रत्यय अहिराणी व गुजरातीशी नाते सांगतो, तर ‘आहा’ हे क्रियापद मराठी ‘आहे’च्या अगदी निकट आहे. तेच मूल आजीपाशी ‘आहा’ म्हणते आणि गुरुजींसमोर ‘आहे’. ही दोन्ही रूपे काही काळ एकाच जिभेवर सुखाने राहतात, आणि परिवर्तनाचा आरंभ तेथेच होतो. त्या ‘आहा’ला अशुद्ध म्हणणे हा सरळसरळ अन्याय होय.

पावसाळा सरल्यावर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस जाणाऱ्यांची बोली मराठीकडे झुकते. उलटपक्षी 1 मे 1960 रोजी आखलेल्या राज्यसीमेपलीकडे, धरमपूर व डांगकडे, त्याच बोलीची मुले गुजराती अक्षरे प्रथम गिरवितात. शेतीचे शब्द मात्र चिवट असतात : राब भाजणे (रोपांसाठी जमिनीवर पाला पसरून पेटविणे), आवणी (रोपांची लावणी), वरई, आणि इतरत्र जिला नाचणी म्हणतात ती येथे नागलीच.

इंग्रजी बोलींचा इतिहासही याहून फारसा निराळा नाही. तेथेही प्रमाणभाषेचा ओघ एकाच दिशेने वाहत नाही : मार्थाज व्हिनयार्ड या अमेरिकी बेटावरील मच्छीमार उन्हाळी पाहुण्यांच्या गर्दीत आपले जुने स्वरोच्चार अधिकच ठळक करू लागले, हे विल्यम लबॉव्ह यांनी 1963 मध्ये दाखविले. लीड्सच्या हॅरल्ड ऑर्टन यांनी 1950 ते 1961 या काळात 313 ठिकाणी इंग्रजी बोलींची जी पाहणी करविली, तिची प्रश्नावली शेतापासून सुरू होत असे. आपल्याकडे मात्र ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषापाहणीचा मराठीविषयक सातवा खंड (1905) मुख्यतः अंमलदारांकरवी मिळविलेल्या नमुन्यांवर उभा आहे, आणि त्यांत बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताची भाषांतरे पुन्हा पुन्हा येतात. त्या दृष्टान्तात डुकरे आहेत, वासरू आहे, राब नाही. अरुण जाखडे यांनी संपादिलेल्या, भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडाने (2013) आदिवासी बोलींना स्वतंत्र नोंदी दिल्या, हे मोठेच कार्य झाले. तरी राबासाठी कोणता पाला तोडावा, तो कसा पसरावा आणि कधी पेटवावा, हे हरसूलच्या वृद्ध स्त्रियांच्या तोंडून, त्यांच्याच क्रियापदांसह, टिपून घेणे अद्याप निकडीचे आहे.