यंत्र न थांबवता नोंद बदलणे : कुलाबा ते अलिबाग

१/ चालू यंत्र बंद न करता त्यातील मेमरी कार्ड बदलणे म्हणजे ‘हॉट स्वॅप’. कार्ड खोबणीत सरकताना विजेचे संपर्क आधी जुळतात, माहितीचे नंतर. मात्र लेखन सुरू असताना कार्ड ओढले, तर नोंदच बिघडू शकते.

२/ हा पेच इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा जुना आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे मापन होत असे. सप्टेंबर १८५९च्या प्रचंड सौरवादळाची नोंद तेथे झाली. पुढे शहरात विजेवरील ट्राम येऊ घातली; तिच्या प्रवाहाने मापन दूषित होणार, हे उघड होते.

३/ वेधशाळा हलवणे भाग होते, पण नोंदींची मालिका तुटून चालणार नव्हते. संचालक नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे एकाच वेळी मापन चालले. दोन्ही ठिकाणच्या आकड्यांतील फरक हाती आला, मगच कुलाब्याचे मापन थांबले. १९०७मध्ये विजेची ट्राम धावली.

४/ हा वारसा आज नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था सांभाळते. कुलाब्याचे १८५९चे आकडे अलिबागच्या आजच्या आकड्यांशी ताडता येतात, ते त्या दुहेरी नोंदींमुळेच.