दादर पूर्व: राजगृहापासून फाइव्ह गार्डन्सपर्यंत

आजचा भाग शक्यतो चालता चालता ऐका. वाचणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाच आहे. दादरला पूर्वेकडे उतरायचं, हिंदू कॉलनीतून जायचं, मोठा रस्ता ओलांडून पारशी कॉलनीत शिरायचं आणि फाइव्ह गार्डन्सला जाऊन बसायचं. चढ नाही, सावली भरपूर, रमतगमत तासाभराचं काम.

पण या झाडांखालून जाताना एक गोष्ट डोक्यात असू द्या. हा सगळा परिसर प्लेगमुळे उभा राहिला.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून पळाले. गिरण्या ओस पडल्या, म्हणजे थेट खिशाला झळ, आणि मग सरकार हललं. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि शहराच्या उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती आखायची, असं त्याचं काम. दादर-माटुंग्याची आखणी त्यातलीच.

गंमत अशी की रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा सर्वमान्य नव्हतं. अंधार, ओल आणि कोंदट हवा हेच मूळ, अशी समजूत. त्यामुळे ट्रस्टचा सगळा भर उजेड आणि वाऱ्यावर. पुढे तर ६३.५ अंशांचा नियमच आला. आमच्यासारख्या बीटेकवाल्यांना हे लगेच दिसेल: त्या कोनाचा टॅन्जंट साधारण २. म्हणजे इमारत जितकी उंच, तिच्यासमोर निदान त्याच्या निम्मी मोकळी जागा हवी. निदान अर्धवट होतं, पण त्यातून आलेला उपाय आजही या गल्ल्यांत अंगाला जाणवतो. दुपारी दोन वाजता चालून बघा.

उजेड मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नाही. ट्रस्ट घरं पाडतोय भराभर आणि बांधतोय सावकाश, ही टीका त्या काळातच होत होती. ज्यांची घरं गेली त्या मजुरांना दादरचे प्लॉट परवडणारे नव्हतेच. त्यांच्यासाठी ट्रस्टने चाळी बांधल्या. प्लॉट मिळाले ते मध्यमवर्गाला, आणि तेही आपापल्या लोकांचे गट करून. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही नावंच बोलकी आहेत.

आता हिंदू कॉलनीत या. इथे राजगृह आहे, बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेलं घर. नाव मगधाच्या प्राचीन राजधानीवरून. घर बांधण्यामागचं मोठं कारण पुस्तकं. इथला संग्रह ५०,००० च्या घरात होता असं सांगतात. २७ मे १९३५ ला रमाबाई याच घरात गेल्या. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली तीही इथूनच. बाहेरून बघाल तर घर साधंच वाटेल. पायऱ्यांशी जरा थांबा, आवाज कमी ठेवा.

या घराआधी बाबासाहेब वीसेक वर्षं कुठे राहत होते? परळला. बीआयटी चाळ नंबर १, दुसरा मजला, खोली ५० आणि ५१. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट! एकाच ट्रस्टची चाळ आणि त्याच ट्रस्टने आखलेली कॉलनी, मधे दोनेक किलोमीटर. परदेशातल्या पदव्या घेऊन आलेला माणूस त्या दोन खोल्यांतून महाडच्या सत्याग्रहाला गेला, गोलमेज परिषदेला गेला, आणि मग कुठे हे दोन किलोमीटर पार झाले.

पुढे दादर टीटी, म्हणजे खोदादाद सर्कल. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, कंडक्टर अजून ‘टीटी, टीटी’ ओरडतात. तुम्ही ओलांडताय तो रस्ता पूर्वीचा किंग्ज वे, आजचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. सिग्नल बघून ओलांडा, इथल्या बसेस कुणाच्या नसतात.

पलीकडे पारशी कॉलनी. मंचेरजी एदलजी जोशी हे ट्रस्टमधलेच इंजिनियर. मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट राखून ठेवायला त्यांनी ट्रस्टला राजी केलं. इमारती तळमजला अधिक दोन मजले, एवढ्याच. बाल्कन्या, कमानी, जाळीदार कठडे बघत चला. जोशींचा पुतळाही इथेच आहे आणि फाइव्ह गार्डन्सचं अधिकृत नावही त्यांचंच: मंचेरजी जोशी पंच उद्यान. सरकारी माणसाने आपल्या लोकांसाठी खटपट केली, याला कोण नावं ठेवेल? मी तरी नाही ठेवणार. फक्त तशी खटपट करायला खुर्चीत आपलं माणूस असावं लागतं.

आता बाकावर बसा. १९१७ ची गोष्ट सांगतो, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेली. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून ते बडोद्याला नोकरीला गेले, तर शहरात कुणी जागा देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोड म्हणाले. ओळखीचे एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, दोघांनीही कारणं सांगितली. गाडी रात्री नऊला. तोवर जायचं कुठे? ते कमाठी बागेत जाऊन बसले, जवळजवळ पाच तास.

बडोदा सोडून त्या रात्री ते मुंबईला निघाले. खोली ५० आणि ५१ बघायला पुढच्या भागात परळला जाऊ. निघण्याआधी इथे थोडा वेळ बसा, घाई नाही.