माळवदावरची दिशा

दूरचित्रवाणीचा इतिहास बहुधा मनोऱ्याच्या बाजूने लिहिला जातो. १५ सप्टेंबर १९५९ला दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई केंद्र उघडले, १९७३मध्ये सिंहगडावरून पुणेकरांना मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले, १९८२मध्ये रंग आले. या तारखा खऱ्या आहेत आणि परीक्षेत उपयोगीही आहेत. परंतु त्यांत बीड जिल्हा कुठेच नाही. बीडसारख्या जिल्ह्याचा दूरचित्रवाणीचा इतिहास शोधायचा तर मनोऱ्याकडे पाठ करून घरांच्या छपरांकडे पाहावे लागते. तिथे लोखंडी पाइपाच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा एक सांगाडा असे. तो कोणता घ्यावा, किती उंच बांधावा आणि कोणत्या दिशेला फिरवावा, हे ठरवणारी माणसे या इतिहासाची खरी पात्रे होत. पाठवण्याच्या क्रियेला मराठीने ‘प्रक्षेपण’ असा भारदस्त शब्द दिला; घेण्याच्या क्रियेसाठी ‘ग्रहण’ हा शब्द होता, पण तो सूर्यचंद्रांनी आधीच अडवून ठेवलेला. कदाचित म्हणूनही घेणाऱ्याची बाजू आपल्याकडे अबोल राहिली असावी.

आरंभ एका हुकलेल्या संधीपासून करणे योग्य होईल. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहावरून भारतातील सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांना थेट कार्यक्रम दाखवले गेले. हाच तो ‘साइट’ नावाचा प्रयोग. शेती, आरोग्य, शाळेची मुले यांच्यासाठी कार्यक्रम आणि गावाच्या सामाईक जागेत एक संच. त्यासाठी लागणारा अँटेना म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री. ती गुलबर्गा, रायचूर, विजापूर या जिल्ह्यांतल्या खेड्यांत उभी राहिली, मेदक आणि महबूबनगरकडेही उभी राहिली. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, त्यामुळे बीडमध्ये ती आली नाही.

यात विशेष काय, असे कोणी विचारील. विशेष असे की १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीड, गुलबर्गा, रायचूर, मेदक आणि महबूबनगर हे सारे एकाच हैदराबाद राज्याचे जिल्हे होते. पाऊस सारखाच बेभरवशाचा, रस्ते सारखेच वाईट, शाळांची आबाळही सारखीच. पुनर्रचनेत गुलबर्गा म्हैसूरकडे, मेदक आंध्रकडे आणि बीड मुंबई राज्याकडे गेले. १९७५मध्ये प्रयोगाची राज्ये निवडताना महाराष्ट्राचे नाव आले नाही. दिल्लीहून पाहणाऱ्याला महाराष्ट्र म्हणजे मुंबई-पुणे दिसत असेल, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. भाषेच्या दृष्टीने आम्ही आमच्या घरी आलो हे खरेच. पण श्रीमंत घरातल्या धाकट्या भावाची अवस्था काय असते, ते त्या जाळीच्या छत्रीने दाखवून दिले. उमरग्याच्या सीमेपलीकडे आळंदच्या बाजूला गुलबर्गा जिल्हा सुरू होतो. तिथपर्यंत उपग्रह आला आणि अलीकडच्या मराठवाड्याला त्याची गरज नाही असे कागदोपत्री ठरले.

प्रत्यक्षात दूरदर्शन इकडे पोचले ते ‘इन्सॅट-१बी’नंतर. हा उपग्रह १९८३च्या ऑगस्टमध्ये सोडला गेला आणि १९८४मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपक इतक्या झपाट्याने उभारले गेले की काही महिने जवळजवळ रोज एक याप्रमाणे हिशेब लागे. या प्रक्षेपकाची शक्ती साधारण १०० वॅट, म्हणजे एका ठसठशीत दिव्याइतकी. त्याचा पल्ला सुमारे २५ किलोमीटर. दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहावरून उचलायचा आणि भोवतालच्या टापूत टाकायचा, एवढेच सुरुवातीला त्याचे काम. २५ किलोमीटरच्या आतल्या घराला साधा अँटेना पुरे. बाहेरच्या घरासाठी निवडीचा प्रश्न सुरू होई आणि बीड जिल्ह्यातली बहुसंख्य घरे अशा वर्तुळांच्या बाहेर होती.

निवडायचे काय, ते थोडक्यात सांगायला हवे. कारण हे ज्ञान एके काळी गावोगाव होते आणि आता जवळजवळ नाहीसे झाले आहे. छपरावरच्या त्या सांगाड्याचे शास्त्रीय नाव ‘यागी-उदा’. जपानमधील तोहोकू विद्यापीठात १९२६च्या सुमारास शिंतारो उदा यांनी तो प्रयोगांनी सिद्ध केला. त्यांचे ज्येष्ठ हिदेत्सुगु यागी यांनी १९२८मध्ये त्यावर इंग्रजीत लेख लिहिला आणि जगाने अँटेनाला ‘यागी’ म्हणायला सुरुवात केली. (मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यातला हा व्यवहार आमच्या वाचकांना अगदीच अपरिचित नसावा.) १९४२मध्ये सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हाती एका ब्रिटिश सैनिकाची रडारविषयीची वही लागली. तीत पुन:पुन्हा येणारा ‘यागी’ हा शब्द त्यांना कळेना, आणि तो तुमच्याच देशातल्या प्राध्यापकाचे नाव आहे असे त्यांना युद्धकैद्याने सांगितले, अशी हकिकत प्रसिद्ध आहे.

त्या सांगाड्यात मध्ये एक लांबट वाटोळा, दुमडलेला कंस असतो. खरे ग्रहण तोच करतो. त्याच्या मागे थोडी लांब नळी, पुढे थोड्या आखूड नळ्यांची ओळ. मागची नळी लहर परत फेकते, पुढच्या नळ्या ती ओढून आणतात. पुढच्या नळ्या जितक्या जास्त, तितका लांबचा क्षीण संकेत पकडता येतो. पण त्याच प्रमाणात अँटेनाची नजर अरुंद होते आणि दिशा काटेकोर साधावी लागते. दूरचे हवे असेल तर आजूबाजूचे सोडावे लागते. नळ्यांची लांबीही मनमानी नसते: लहर दीड मीटरची असेल तर मधला कंस तिच्या निम्म्याने, पाऊण मीटरचा. मग तिथून ३०० ओहमची चपटी वायर भिंतीवरून खाली उतरे. संकेत फारच दुबळा असला तर काठीवरच बूस्टर बसवत. बूस्टर संकेताबरोबर खरखरही वाढवतो, हे पैसे गेल्यावर कळे.

उंचीचा प्रश्न सर्वांत अवघड. या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात. १०० मीटरच्या मनोऱ्याला सपाट जमिनीवर साधारण ४० किलोमीटरपर्यंत ‘दिसते’, आणि नऊ मीटरवरचा अँटेना त्यात आणखी बाराएक किलोमीटरची भर घालतो. पण बीड जिल्हा सपाट नाही. बालाघाटच्या डोंगररांगेने त्याचे दोन भाग केले आहेत: वर घाट आणि खाली गोदावरीच्या काठची गंगाथडी. घाटावरच्या मनोऱ्यासमोर गंगाथडीचे मोकळे शिवार लांबून उघडे पडते, तर डोंगराच्या अगदी पायथ्याला टेकलेले गाव मनोऱ्याच्या जवळ असूनही सावलीत सापडते. जवळ असणे आणि पोचणे यांतला फरक त्या गावांना कोणी भौतिकशास्त्र न शिकवता समजला.

त्यात आमची घरे माळवदाची. चिखलमातीचे सपाट छप्पर अँटेना उभा करायला नामी जागा, असे पाहुण्याला वाटे. परंतु माळवदाला भोक पाडणे म्हणजे पावसाळ्यात गळतीला आमंत्रण देणे. म्हणून काठी वाड्याच्या भिंतीला, गोठ्याच्या मेढीला नाहीतर परसातल्या लिंबाला बांधली जाई. वारा सुटला की लिंब हले, आणि लिंबाबरोबर दिल्लीही हले. एकजण माळवदावर काठी फिरवी, दुसरा अंगणात उभा, तिसरा संचासमोर. ‘आलं का?’ ‘थोडं आलं!’ ‘आता?’ ‘गेलं, गेलं, मागं घे!’ पडद्यावर दाटणाऱ्या त्या ठिपक्यांना कोणत्याही परिभाषा समितीच्या मदतीवाचून ‘मुंग्या’ हा शब्द मिळाला. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी आणून लहान कृष्णधवल संच चालवला जाई. म्हणजे पाहणे ही क्रिया तेव्हा आजच्यासारखी बसल्याजागी होत नसे. तिच्यात किमान तिघांचे श्रम असत.

आणि दिशा ठरवणे म्हणजे काही प्रमाणात भाषा ठरवणे होते. आष्टीच्या बाजूचा माणूस अंबाजोगाईपासून जितका दूर, त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर त्याला तेव्हाचे अहमदनगर. त्याचा बाजार, दवाखाना आणि सोयरीकही तिकडचीच. सिंहगडावरून येणारे कार्यक्रम मुंबईचे, म्हणजे मराठी. पण जिल्ह्याच्या पश्चिम टोकापासूनही सिंहगड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. गडाची १३०० मीटर उंची लक्षात घेतली तरी तो पल्ला कडेलोटाचाच. उलट जवळच्या लघुशक्ती केंद्रावर चित्र स्वच्छ, पण ते दिल्लीचे. स्वच्छ हिंदी की मुंग्यांतली मराठी, हा पर्याय भाषिक वादांच्या आमच्या चर्चासत्रांत कधी आला नाही. तो माळवदांवर निकालात निघत होता आणि बहुतेक ठिकाणी स्वच्छ चित्राच्या बाजूनेच निघत होता, हे आम्ही मान्य केले पाहिजे.

२५ जानेवारी १९८७ला ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. बीडपुरती या विधानाला एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. जिल्ह्यातली कित्येक कुटुंबे त्या सकाळी पश्चिम महाराष्ट्रातल्या फडावर, पाचटाच्या कोपीत होती. मागे राहिलेली गावे दूरदर्शन येण्यापूर्वीच अर्धी ओस होती. सार्वत्रिक अनुभव म्हणून जो सांगितला जातो, त्यात कोयता हाती असलेला प्रेक्षक धरलेला नसतो.

पुढे अंबाजोगाईजवळ उच्चशक्ती प्रक्षेपक आला आणि बीड शहरात लघुशक्ती केंद्र. अंबाजोगाई हे गाव मराठीच्या अभ्यासकांना वेगळ्या कारणाने ठाऊक. मुकुंदराजांची समाधी इथे दाखवतात (विदर्भातील आंभोऱ्याचा दावा आहेच, त्या वादात इथे शिरत नाही) आणि दासोपंतांनी ‘पंचीकरण’ कागदावर न लिहिता लांबलचक कापडावर, पासोडीवर लिहिले ते इथेच. ग्रंथ माध्यमावर अवलंबून असतो, हे ज्या गावाने इतक्या आधी पाहिले त्या गावाच्या मनोऱ्याकडे काही वर्षे निम्म्या जिल्ह्याच्या काठ्या वळलेल्या असाव्यात, हा योग आम्हाला केवळ योगायोग म्हणून सोडवत नाही; पण त्यातून सिद्धान्तही काढता येत नाही.

छपरांवरची ही विविधता संपवली ती तबकडीने. १६ डिसेंबर २००४ला दूरदर्शनची ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही थेट उपग्रहसेवा सुरू झाली. २०१४मध्ये तिचे नाव ‘डीडी फ्री डिश’ झाले. मासिक वर्गणी नाही, त्यामुळे ती खेड्यांत रुजली. तिचा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. बीडहून हिशेब केला तर तो जवळजवळ नेमका आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर येतो. आष्टी असो की परळी, गंगाथडी असो की घाट, फरक अंश-दीड अंशाचा. डोंगराची सावली गेली, लिंबाचे हलणे गेले, तिघांऐवजी एक कारागीर आला आणि अर्ध्या तासात पान्याने बोल्ट आवळून गेला. सोय झाली, यात वाद नाही. फक्त, छपराकडे पाहून त्या घराचे तोंड कुठल्या गावाकडे आहे हे ओळखता येत असे, ते ओळखता येईना.

हवेतून येणाऱ्या दूरचित्रवाणीने मध्यंतरी नवा अवतार घेतला होता. २५ फेब्रुवारी २०१६ला दूरदर्शनने सोळा शहरांत ‘डीव्हीबी-टी२’ पद्धतीचे अंकीय प्रक्षेपण सुरू केले आणि त्यांत औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, होते. या पद्धतीत हाय-डेफिनिशन चित्रही हवेतून विनाशुल्क पाठवता येते. युरोपात-अमेरिकेत लोक आजही त्यासाठी छपरावरचा अँटेना चोखंदळपणे निवडतात. तो आपला जुना यागीच. लहर आखूड झाल्यामुळे नळ्या वीतभर-हातभर झालेल्या. मराठवाड्यात ही संधी आली ती म्हैसमाळच्या डोंगरावरच्या मनोऱ्याशी. म्हैसमाळपासून बीड शहर सरळ रेषेत सुमारे १३५ किलोमीटर आणि गेवराई १०० किलोमीटरहून थोडी अधिक. जुन्या पद्धतीत इतक्या अंतरावरूनही एखाद्या हट्टी माणसाने चाळीस फुटी काठीवर मुंग्यांतून एखादा चेहरा काढून दाखवला असता. अंकीय संकेतात ती मुभा नाही. तो एका मर्यादेपर्यंत निर्दोष दिसतो आणि त्याखाली चौकटी गोठून एकदम नाहीसा होतो. ‘थोडं आलं’ असे म्हणण्याची सोय त्यात ठेवलेलीच नाही.

तिकडे जुनी केंद्रे आवरली जात होती. प्रसारभारतीने २०२१च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलेल्या टप्प्यांनुसार उरलेले जुन्या पद्धतीचे भूपृष्ठीय प्रक्षेपक ३१ मार्च २०२२पर्यंत बंद करायचे होते. अपवाद सीमाभाग व बेटे यांसारख्या मोक्याच्या जागांवरील पन्नासेकांचा. बीड जिल्हा सीमेवर नाही. १९७५मध्ये तो प्रयोगाच्या राज्यात नव्हता, २०१६मध्ये पल्ल्यात नव्हता आणि २०२२मध्ये मोक्याच्या जागी नव्हता.

अँटेनांचे काय झाले, ते भंगारवाल्याला विचारावे. ॲल्युमिनियमला किलोवर भाव मिळतो, आणि नळ्या पोकळ असल्याने सांगाडा दिसतो त्याहून बराच हलका भरतो. लोखंडी पाइप मात्र कित्येक घरांवर अजून आहेत. कुठे त्यांच्या आधाराने कपड्यांची दोरी बांधली आहे, कुठे सणाला झेंडा लागतो. आमच्यापैकी एकाच्या घरी नव्या संचात डीव्हीबी-टी२ची सोय आहे असे माहितीपुस्तिकेत वाचून, जुन्या पाइपाला मुद्दाम एक लहान यागी बांधून, तो म्हैसमाळकडे, म्हणजे उत्तर-वायव्येला रोखला. खाली संचासमोर घरातली धाकटी मुलगी बसली होती. वरून ‘आलं का?’ असे विचारल्यावर तिने विचारले, ‘काय यायचंय?’