किल्लारी ते कच्छ

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरील गावे नुकतीच निजली होती. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूमी हादरली आणि काही क्षणांत किल्लारी, सास्तूर व भोवतालची गावे जमीनदोस्त झाली. जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली; जखमींची संख्या त्याच्या सुमारे दुप्पट होती. दख्खनचे पठार अचल आहे, अशीच तोवर आपली समजूत. भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तिसऱ्या पट्ट्यात तो २००२ साली आला.

मरण आले ते घरांतूनच. उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून पूर्वजांनी मातीत दगड रचून दोन-तीन फूट रुंदीच्या भिंती उभारल्या होत्या. वर माळवद, आणि त्यावर दरवर्षी पडणारा मातीचा नवा थर. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या पदरांना जोडणारा आरपार दगड मात्र नव्हता. धक्क्याने दोन्ही पदर विलग झाले आणि माळवदाचा भार निजलेल्यांवर आला.

त्यानंतर मदतीचा ओघ सुरू झाला. सैनिक आले, डॉक्टर आले, दूरदूरच्या गावांतून विद्यार्थी आले; परदेशांतूनही साहाय्य आले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने शासनाने १९९४ मध्ये पुनर्वसनाचा विशाल कार्यक्रम हाती घेतला आणि ५२ गावे नव्या जागी वसवण्याचे ठरले.

या सेवेविषयी आम्हांला कृतज्ञताच आहे. तरीही इतिहास लिहिताना एक गोष्ट सांगितली पाहिजे. नवी गावे शहरी वसाहतींसारखी सरळ रेषांत आखली गेली. घराचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमिनीवर ठरले: भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना ४००, मोठ्या जमीनदारांना ७५०. भूकंपाने एका रात्रीत सर्वांना उघड्यावर आणले होते. पुनर्वसनाने जुनी उतरंड पुन्हा सिमेंटमध्ये बांधून ठेवली. शेत दूर गेले, गोठ्याला जागा उरली नाही, जुनी आळी विखुरली. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला शेजार आराखड्यात मावला नाही.

कार्यक्रमाचा दुसरा भाग कमी गाजला. आमच्या मते मोलाचा तोच. ज्या गावांचे स्थलांतर व्हायचे नव्हते, तेथील घरे जागच्या जागी दुरुस्त करून बळकट करायची होती. अनुदान घरमालकाच्या हाती, बांधकामाची जबाबदारीही त्याचीच. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतील स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या. भिंतीत आरपार दगड कोठे घालावा, माळवदावरची माती का कमी करावी, काँक्रीटचा पट्टा भिंतींना कसा बांधून धरतो, हे त्या शिकल्या आणि त्यांनी गावाला शिकवले. पूर्वी चार लोकांत बोलण्यास संकोचणाऱ्या बाया आता गवंड्याला जाब विचारू लागल्या, अभियंत्याशी हुज्जत घालू लागल्या.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले, तेव्हा याच स्त्रियांपैकी काही जणी तिकडे गेल्या. मुलूख परका, भाषा परकी. परंतु ढिगाऱ्याशेजारी बसलेल्या बाईची व्यथा समजण्यास त्यांना दुभाष्याची गरज नव्हती. आपले घर कसे पडले आणि कसे उभे राहिले, हे सांगणे हीच त्यांची सेवा होती.

परोपकाराची एक कसोटी येथे सापडते. ज्याला आपण देतो, तो कायमचा याचक राहतो की उद्या स्वतः कोणाच्या तरी मदतीला धावू शकतो? किती घरे बांधली याची नोंद अहवालांत असते. किती हात समर्थ झाले याची सहसा नसते.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी नांदेड, हिंगोली, परभणी या जिल्ह्यांना धक्के बसले. लोक धास्तावून रस्त्यावर आले. अनेकांच्या ओठी किल्लारीचेच नाव होते. भीतीचे स्मरण मराठवाड्याने जपले आहे. आरपार दगडाचे स्मरणही तितकेच जपले जावे. ते ज्ञान ज्या स्त्रियांनी मिळवले त्या आता वृद्ध होत आहेत. त्यांच्यापाशी बसून ते लिहून घेणे, हे पुनर्वसनाचे राहिलेले काम आहे.